काठोकाठ आशा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



फेब्रुवारी १९९८ च्या शेवटच्या आठवड्यात ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेल्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जे गाणे होते, त्याच्या नावातच एक मराठी नाव होते. गाणे होते ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ आणि ही आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. आदल्या आठवड्यात त्या जागेवर ‘टायटॅनिक’ चित्रपटातले सेलिन डिऑनचे गाणे होते. पुढच्या आठवड्यात तिथे मॅडोना आली. या दोन जगप्रसिद्ध गायिकांच्या मधला एक आठवडा सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या आशाबाईंच्या नावाचा होता. गाणारे होते ‘कॉर्नरशॉप’ नावाचे एक इंडी रॉक बँड आणि त्याचा मुख्य गायक तजिंदर सिंग हा इंग्लंडमध्ये वाढलेला पंजाबी मुलगा.

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण तिच्यात एक पोटगोष्ट आहे आणि आज मला तीच सांगायची आहे. हेच गाणे त्याआधी सहा महिने, म्हणजे ऑगस्ट १९९७ मध्ये, बाजारात आले होते. तेव्हा ते यादीत साठाव्या क्रमांकापर्यंत पोचले आणि खाली गेले. शब्द तेच, आवाज तोच, चाल तीच. मग साठावरून एकावर ते कसे आले? यादी नेमके काय मोजते? आणि जे ती मोजत नाही, त्याचे पुढे काय होते?

आधी ‘सिंगल’ म्हणजे काय ते पाहू. सिंगल म्हणजे एकट्या गाण्याची तबकडी. पुढच्या बाजूला मुख्य गाणे, मागच्या बाजूला आणखी एखादे. सात इंचांची आणि मिनिटाला ४५ फेरे घेणारी ही तबकडी अमेरिकेत १९४९ मध्ये आली आणि पुढे ब्रिटनमध्ये तरुणांच्या खिशाला परवडणारी वस्तू झाली. आपल्याकडे ४५ फेऱ्यांच्या ज्या तबकड्या घरोघर दिसायच्या, त्या बहुतेक ‘ईपी’ असत. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन, अशी चार गाणी. म्हणजे आपण गाणे सहसा एकटे विकत घेतले नाही. चित्रपटाच्या नावाने, गायकाच्या नावाने, चारचौघांत बसलेले घेतले. इंग्लंडमध्ये मात्र गाणे एकटे विकले जाई, त्यामुळे कोणते किती खपले हे मोजणे सोपे होते.

ही मोजणी तिथे १४ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाली. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकातल्या पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी वीसेक दुकानांना फोन केले, या आठवड्यात काय जास्त खपले ते विचारले आणि बेरीज करून यादी छापली. पहिला क्रमांक अल मार्टिनो या गायकाच्या गाण्याला मिळाला. सगळ्या देशाची आवड वीसेक दुकानांच्या सांगण्यावर ठरली होती. पुढे दुकाने वाढली, नोंदवह्या आल्या, १९८३ पासून संगणक आला. पण तत्त्व तेच राहिले. ज्या दुकानात मोजणारा आहे, तिथला खप धरायचा. ज्या दुकानात तो नाही, तिथला खप यादीपुरता झालाच नाही.

आता ‘इंडी’. हा ‘इंडिपेंडंट’चा लाडका संक्षेप. मोठ्या चार-पाच ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या बाहेर राहून ज्यांनी स्वतःच्या हिमतीवर तबकड्या काढल्या, ते इंडी. याची सुरुवात सांगताना मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडचे नाव घेतात. या पोरांनी पाचशे पौंड उसने घेतले, चार गाणी ध्वनिमुद्रित केली, जानेवारी १९७७ मध्ये हजार तबकड्या काढल्या आणि स्वतः विकल्या. ते पाहून गावोगावच्या मुलांना वाटले, हे आपल्यालाही जमेल. लंडनमध्ये ‘रफ ट्रेड’ हे दुकान आधीच होते. पुढे त्याची कंपनी, मँचेस्टरला ‘फॅक्टरी’ अशी छोटी घरे उभी राहिली.

या तबकड्या खपत होत्या, पण मुख्य यादीत फारशा दिसत नव्हत्या. म्हणून जानेवारी १९८० पासून वेगळी इंडी यादी निघू लागली. तिचा नियम ऐकण्यासारखा आहे. गाणे कोणत्या शैलीचे आहे, गिटार वाजते की बासरी, हे ती पाहत नव्हती. तबकडी दुकानापर्यंत कोणी पोचवली, एवढेच ती पाहत होती. मोठ्या कंपनीच्या वितरणातून आली असेल तर इंडी नाही, स्वतंत्र वितरकाकडून आली असेल तर इंडी. म्हणजे हा शब्द मुळात मालाच्या वाहतुकीचा होता. शैलीचे नाव तो नंतर झाला.

‘द स्मिथ्स’ या बँडचे उदाहरण घ्या. १९८० च्या दशकातले हे ब्रिटनमधले सर्वांत चर्चेतले इंडी बँड. इंडी यादीत त्यांची गाणी वारंवार पहिली येत. पण मुख्य यादीत, बँड एकत्र असेपर्यंत, त्यांचे एकही सिंगल दहाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही. तरीही त्या काळातली पहिल्या पाचातली कितीतरी गाणी आज कोणाला आठवत नाहीत आणि स्मिथ्स अजून ऐकले जातात. ‘न्यू ऑर्डर’ या बँडचे ‘ब्लू मंडे’ १९८३ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेले. बारा इंची सिंगल्समध्ये त्याच्याइतका खप कशाचाच नाही असे मानतात. पण त्यांची कंपनी ‘फॅक्टरी’ ही व्यावसायिक संघटनेची सभासद नव्हती, त्यामुळे खपाबद्दल मिळणारी सोनेरी तबकडी काही त्याला मिळाली नाही. खप झाला, प्रमाणपत्र नाही!

आणि मोजणी आहे म्हटल्यावर मोजणीसाठीच्या युक्त्याही आल्या. ऑगस्ट १९९५ मध्ये ‘ब्लर’ आणि ‘ओएसिस’ या दोन बँडनी आपापले सिंगल एकाच दिवशी बाजारात आणले. वर्तमानपत्रांनी त्याचे कुस्तीच्या फडासारखे वर्णन केले. टीव्हीच्या मुख्य बातम्यांतही तो विषय आला. आठवड्याच्या शेवटी ब्लरच्या सुमारे २ लाख ७४ हजार प्रती गेल्या, ओएसिसच्या २ लाख १६ हजार. ब्लर पहिले. पण ब्लरने आपल्या सीडीच्या दोन निराळ्या आवृत्त्या काढल्या होत्या, त्यामुळे एकच चाहता दोन-दोन विकत घेई. आणि पुढे दोघांचे पूर्ण अल्बम आले तेव्हा ओएसिसने ब्लरला कितीतरी मागे टाकले. आठवड्याची यादी एक सांगत होती, वर्षाचा हिशेब दुसरेच.

या सगळ्या यादीवाल्या देशात एक मोठी वस्ती अशी होती, जिची गाणी यादीत जवळजवळ नव्हतीच. ती म्हणजे आपली माणसे. साउथॉल, बर्मिंगहॅम, लेस्टर या भागांत १९८० च्या दशकात भांगड्याचे ‘अलाप’, ‘हीरा’ यांसारखे संच जोरात होते. त्यांच्या कॅसेट खपत, पण कुठे? वाणसामानाच्या दुकानात, कापडाच्या दुकानात, डाळ-तांदळाच्या पोत्यांशेजारी. तिथे यादीसाठी खप मोजणारे कोणी नव्हते. त्यामुळे लग्नाच्या प्रत्येक हॉलमध्ये वाजणारे गाणे ब्रिटिश यादीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते.

अशा कोपऱ्यावरच्या दुकानाला इंग्रजीत ‘कॉर्नर शॉप’ म्हणतात. ब्रिटनमधला भारतीय माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, अशी तिथे टवाळीची एक कल्पना होती. तजिंदर सिंग, त्याचा भाऊ अवतार सिंग, बेन एअर्स आणि डेव्हिड चेंबर्स या मुलांनी १९९१ च्या सुमारास बँड काढले तेव्हा तेच नाव मुद्दाम घेतले. सुरुवातीला मुले भांडकुदळच होती. स्मिथ्सचा गायक मॉरिसी याच्या काही गाण्यांतला आणि वागण्यातला परकीयांविषयीचा सूर त्यांना खटकला, तेव्हा १९९२ मध्ये त्यांनी त्याचा फोटो एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीसमोर जाळला. त्यांच्या तबकड्या काढणारी छोटी कंपनी होती ‘विजा’. हे नाव मराठी नव्हे बरे का! लंडनमधल्या रफ ट्रेड दुकानाच्या पिनकोडची अक्षरे आणि आकडे जोडून ते बनवले होते. पहिली तबकडी १९९३ मध्ये आली, तिचा रंगही मुद्दाम आमटीसारखा पिवळसर ठेवला होता.

१९९७ च्या त्यांच्या अल्बममध्ये आशाबाईंचे गाणे आले. ते आशाबाईंनी गायलेले नाही आणि त्यांच्या कुठल्या गाण्याची नक्कलही नाही. ते पार्श्वगायनाविषयीचे गाणे आहे. पडद्यावर नटी ओठ हलवते, आवाज दुसरीचा असतो आणि त्या आवाजाच्या आधाराने हजारो माणसे आपले दिवस काढतात, असा त्याचा आशय. त्यात लताबाईंचे आणि मोहम्मद रफींचेही नाव येते. आकाशवाणीचाही उल्लेख आहे. आणि ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीचे तर ते स्तोत्रच आहे. परदेशात राहणाऱ्या घरांत ती तबकडी म्हणजे मागे राहिलेल्या देशाचा तुकडा होता. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ याचा अर्थ काठोकाठ भरलेली आशा. इंग्रज श्रोत्याला तो एका बाईचे नाव म्हणून कळे. घरात पंजाबी बोलणाऱ्या मुलाला त्या नावाचा अर्थही ठाऊक होता. ही कोटी मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

हे गाणे ऑगस्ट १९९७ मध्ये साठावे आले. पण बीबीसीवर जॉन पील नावाचे एक निवेदक होते. कोणाला ठाऊक नसलेल्या बँडच्या तबकड्या लावायच्या, हा त्यांचा हट्ट. दरवर्षी अखेरीस ते श्रोत्यांकडून वर्षातली आवडती गाणी मागवत आणि सहसा पन्नासांची यादी करत. १९९७ च्या त्या यादीत हे साठावे गाणे पहिले आले. म्हणजे दुकानातल्या यादीने ज्याला साठावे म्हटले, त्याला मन लावून ऐकणाऱ्यांच्या यादीने पहिले म्हटले.

मग नॉर्मन कुक आले. ‘फॅटबॉय स्लिम’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. त्यांनी गाण्याची गती वाढवली, पट्टी थोडी वर नेली, खाली जोरकस ढोल घातले. नाचता येईल असे ते झाले. ही नवी आवृत्ती फेब्रुवारी १९९८ मध्ये बाजारात आली. त्या काळी ब्रिटनमध्ये गाणी दुकानात येण्याच्या कितीतरी आधी रेडिओवर वाजू लागत. सोमवारी तबकडी दुकानात, शनिवारपर्यंत मोजणी, रविवारी संध्याकाळी बीबीसीवर यादी. त्यामुळे तयार झालेली सगळी मागणी पहिल्याच आठवड्यात ओतली जाई. गाणे थेट पहिल्या क्रमांकावर गेले आणि आठवड्याने उतरले. बँडचे पुढचे सिंगल तेविसावे आले. पुन्हा पहिला क्रमांक त्यांना मिळाला नाही.

म्हणजे साठावर असताना गाणे वाईट नव्हते आणि एकावर आल्याने ते अधिक खोल झाले नाही. मधे घडले ते एवढेच की, त्याला नाचघरात आणि रेडिओवर वाट मिळाली. यादी गाण्याची वाट मोजते. गाणे कुठवर पोचले ते सांगते. माणसाच्या आत किती उतरले, ते तिला दिसत नाही.

आता आपल्याकडे या. ब्रिटनची यादी १४ नोव्हेंबर १९५२ ला निघाली, आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३ डिसेंबर १९५२ ला, रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. या योगायोगाच्या मागे एक मराठी गृहस्थ आहेत. डॉ. बाळकृष्ण केसकर तेव्हा नभोवाणी मंत्री झाले होते. शास्त्रीय संगीताचा त्यांना अभिमान, आणि चित्रपटगीतांचा तिटकारा. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. मग श्रोत्यांनी काटा फिरवला तो सिलोनवर. आकाशवाणीच्याच माइकवरून हे सांगताना थोडे हसू येते, पण इतिहास आहे तो आहे. पुढे १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परतली.

गीतमालेत सुरुवातीला क्रमवारी नव्हती. एकदोन वर्षांनी पायऱ्या आल्या आणि अमीन सयानींचा आवाज बुधवारी रात्री घराघरांत आला. दुकानांतला खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रे, या दोहोंवरून क्रम ठरे. १९५३ च्या पहिल्या वार्षिक यादीत ‘अनारकली’तले लताबाईंचे गाणे अव्वल होते. १९७२ च्या यादीत आशाबाईंचे ‘दम मारो दम’. म्हणजे ब्रिटनच्या यादीत नाव येण्याआधी पंचवीस वर्षे आशाबाई आपल्या यादीत स्वतःच्या आवाजाने पहिल्या आल्या होत्या.

पण या यादीचाही कोपरा होता. ती फक्त हिंदी चित्रपटगीतांची होती. आशाबाईंचे पहिले चित्रपटगीत मराठी आहे. १९४३ चा ‘माझं बाळ’, संगीतकार दत्ता डावजेकर. आणि गीतमालेची पहिली वार्षिक यादी ज्या १९५३ सालाची, त्याच साली ‘देवबाप्पा’ चित्रपट आला. त्यात गदिमांचे शब्द, पुलंचे संगीत आणि आशाबाईंचा आवाज असे ‘नाच रे मोरा’ होते. गेल्या सत्तर वर्षांत महाराष्ट्रातली किती बालके त्या गाण्यावर नाचली असतील? किती बालवाड्यांची स्नेहसंमेलने त्याच्यावर उभी राहिली? त्याचा क्रमांक कितवा? कुठल्याच यादीत नाही. मराठी गाण्यांसाठी आकाशवाणीवर ‘आपली आवड’ होते. पोस्टकार्डे येत, गावांची आणि माणसांची नावे वाचली जात, गाणे लागे. पण ती पोस्टकार्डे कोणी गाणेवार लावून ठेवली नाहीत. आवड कळली, तिचा हिशेब राहिला नाही.

नावाचीही तीच कथा. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव! लोकांनी विचारणा केली तेव्हा खरे नाव पुढे आले. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता. संगीतकाराला बक्षीस आणि गाणाऱ्याला काही नाही, म्हणून लताबाईंनी १९५७ च्या समारंभात गायला नकार दिला. १९५९ पासून तो पुरस्कार सुरू झाला. तजिंदर सिंग यांनी गाण्यात पार्श्वगायिकेचे नाव घेतले, त्याला एवढे मोल का, ते यावरून लक्षात येईल.

आणि ज्यांची नावे झाली, त्यांची तरी मोजणी नीट झाली का? गिनेस बुकाने १९७४ मध्ये लताबाईंच्या नावावर पंचवीस हजार गाणी लावली. रफीसाहेबांनी हरकत घेतली, आपली त्याहून जास्त आहेत म्हणाले. वाद चालला आणि १९९१ मध्ये गिनेसने ती नोंदच काढून टाकली. २०११ मध्ये आशाबाईंच्या नावाने नवी नोंद झाली, तिचा आकडा अकरा हजारांपर्यंत. पंचवीस हजार आणि अकरा हजार, यांत केवढे अंतर आहे! कारण मूळ नोंद ठेवणारे कोणी नव्हते. ज्यांनी पुढे ठेवली, ती एकेकटी माणसे होती. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ दशकादशकाने तयार केला. मुंबईच्या विश्वास नेरुरकरांनी गायक-संगीतकारांच्या गाण्यांच्या तपशीलवार सूची केल्या. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या रूपाने जुन्या तबकड्यांची माहिती जमवली. ही माणसे काही पैसे मिळवायला निघाली नव्हती. बाजारात फिरली, रद्दीवाल्यांकडे बसली, तबकडीवरचे बारीक अक्षर भिंग लावून वाचत राहिली.

आता हे सगळे पनवेलशी कसे जोडायचे? सरळ जोडता येते. पनवेल, उरण, पेण हा पट्टा म्हणजे आगरी-कोळी गाण्यांचे माहेर. इथल्या लग्नात धवलारीण धवले गाते. हळदीच्या रात्री बेंजो वाजतो. एकवीरेच्या यात्रेला जाणाऱ्या पालखीबरोबर गाणी चालत जातात. यातली काही थोडी मोठ्या दारातून बाहेर पडली. शांताबाई शेळके यांनी लिहिलेले, हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलेले आणि लताबाई व हेमंतकुमार यांनी गायलेले ‘मी डोलकर’ हे चित्रपटाबाहेरचे गाणे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण ते शहरातल्या मोठ्या कलावंतांनी दर्याला दिलेले गाणे. दर्याकाठच्या माणसांनी स्वतः केलेली गाणी वेगळ्या वाटेने गेली.

ती वाट होती कॅसेटची. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि इंग्लंडमध्ये बझकॉक्सने जे केले, ते आपल्या खाडीकाठच्या पोरांनी केले. त्यांना इंडी हा शब्द ठाऊक नव्हता. चार मित्रांनी पैसे काढले, मुंबईत एक दिवस स्टुडिओ घेतला, दहा गाणी केली आणि कॅसेट काढली. ती विकली गेली एसटी स्टँडच्या बाहेरच्या टपरीवर, जत्रेत, सुक्या मासळीच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात. साउथॉलच्या वाणसामानाच्या दुकानासारखीच ही दुकाने. मोजणारा तिथे कधी आला नाही. एखादे गाणे एका हंगामात शंभर हळदींना वाजले तरी त्याची नोंद राहिली ती नाचणाऱ्यांच्या पायात.

आता जमाना यूट्यूबचा आहे. गंमत म्हणजे, इंग्रजांचा ‘सिंगल’ मराठीत खऱ्या अर्थाने आता आला. आगरी-कोळी गाणी आज एकेकटी प्रसिद्ध होतात आणि कोट्यवधी वेळा पाहिली जातात. आकडा गाण्याच्या खालीच दिसतो. ब्रिटनच्या यादीतही जुलै २०१४ पासून इंटरनेटवर ऐकलेली गाणी धरतात. मोजणी सर्वांसाठी खुली झाली, हे चांगलेच झाले. पण युक्त्या इथेही आहेत. २०१९ मध्ये एका हिंदी गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी दर्शक मिळाले, त्यांत जाहिरातीतून मिळवलेलेही होते. त्यानंतर यूट्यूबने आपल्या क्रमवारीत जाहिरातीतून आलेले आकडे धरणे बंद केले. ब्लरच्या दोन सीडी आणि हे, जात एकच.

पण माझी काळजी आजच्या आकड्यांची नाही. आकड्याआधीच्या गाण्यांची आहे. त्या कॅसेटवर गायकाचे नाव असते, कधी गीतकाराचे असते. बेंजो कोणी वाजवला, ढोलकी कोणाची, हे क्वचित असते. साल तर बहुधा नसतेच. कॅसेटची फीत चिकटते, बुरशी धरते, चुंबकीय लेप झडतो. ऐकण्याचे यंत्रच घरात उरलेले नाही. आणि पनवेल तालुका तर घरे हलवण्याच्या काळातून गेला आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे उठून दुसरीकडे वसली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. घर हलवताना देव नेतात, भांडी नेतात, कागदपत्रे नेतात. कॅसेटचा खोका मात्र भंगारात जातो, कारण त्याला किंमत आहे असे कोणी कधी सांगितलेलेच नसते. गाव नकाशावरून पुसले गेले तरी त्या गावाच्या नावाचे गाणे कुठे तरी फितीवर असू शकते. ती फीत गेली की तो पुरावाही गेला.

म्हणून एक साधे काम सुचवतो. त्याला सरकार नको, अनुदान नको. घरातल्या जुन्या कॅसेट आणि तबकड्या एकदा बाहेर काढा. प्रत्येकीवर काय लिहिले आहे ते एका वहीत उतरवा. गाण्याचे नाव, गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी, असेल तर साल. मग घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा की हे गाणे कोणाच्या लग्नात वाजायचे, बेंजो कोणाचा होता, गाणारा कोणत्या गावचा. तेही लिहा. मोबाइल समोर धरून धवलारणीची गाणी तिच्या परवानगीने टिपून ठेवा आणि तिचे नाव त्या फाइलला द्या. ‘आगरी गीत’ असे मोघम नाव देऊ नका. वहीची एक प्रत गावातल्या वाचनालयात ठेवा. दहा गावांत दहा वह्या झाल्या तर तो आपला गीतकोश होईल. ‘हमराज’ यांनीही सुरुवात अशी एकेका गाण्यापासूनच केली असणार.

तजिंदर सिंग यांच्या पिढीने परक्या देशात, आईवडिलांच्या तबकड्यांवरचे नाव वाचले आणि त्याचे गाणे केले. ते वाचता आले, कारण नाव छापलेले होते आणि तबकडी कोणी फेकली नव्हती. उद्या पनवेलच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आपल्या आजीच्या हळदीत वाजलेले गाणे शोधावेसे वाटेल. तेव्हा त्याला निदान नाव सापडावे, एवढी सोय आपल्या हातात आहे. येत्या रविवारी माळ्यावरचा तो खोका खाली घ्या.